सहा नॉटांची सवलत

मोठ्या प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये अतिवेगाचा इशारा कधी वाजला पाहिजे, याचा नियम जेमतेम चार ओळींचा आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमावलीच्या २५व्या भागात, २५.१३०३ या कलमात तो सापडतो आणि युरोपच्या नियमावलीत त्याच क्रमांकाखाली जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा येतो. टर्बाइन इंजिनावर चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या विमानात वेगाचा इशारा देणारे उपकरण असले पाहिजे. वेगाने ठरलेली कमाल मर्यादा ६ नॉटांनी, किंवा मॅकच्या, म्हणजे ध्वनिवेगाच्या पटीत मोजलेल्या वेगाच्या, हिशेबात ०.०१ ने, ओलांडली की त्या उपकरणाने वैमानिकांना नीट ऐकू जाईल असा आवाज केला पाहिजे. आणि त्या आवाजाची कॉकपिटमधल्या दुसऱ्या कोणत्याही इशाऱ्याशी गल्लत होता कामा नये. ६ नॉट म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर. ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या मर्यादेवर ही सवलत दिलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ती किती काटेकोर आहे याचा अंदाज येतो.

नाशिककरांना विमानांचा आवाज नवा नाही. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे, मिग विमाने तिथे बांधली गेली, पुढे सुखोई बांधली गेली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्याच धावपट्टीवरून इथे तयार झालेले तेजस उडाले. साहजिकच आमच्याकडे विमानाच्या वेगाचा विषय निघाला की तो कौतुकाच्या सुरात निघतो. मी इथल्या एका तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो, आणि दर वर्षी मुलांचा पहिला प्रश्न ‘किती जोरात जाते?’ हाच असतो. त्याच ओझरवरून प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या एटीआर विमानाच्या बाबतीत मात्र ‘किती जोरात जाऊ द्यायचे नाही, आणि ते कोणी सांगायचे?’ हा प्रश्न मला अधिक रंजक वाटतो. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

आधी मर्यादेचे स्वरूप. नियमावलीच्या भाषेत ती कमाल परिचालन मर्यादा. वैमानिक तिला व्हीएमओ आणि एमएमओ म्हणतात. पहिली नॉटांत असते, दुसरी मॅकमध्ये, आणि ज्या उंचीवर जी आधी गाठली जाईल ती त्या उंचीवर लागू होते. एअरबसच्या ए-३२० या जेट विमानासाठी हे आकडे ३५० नॉट आणि मॅक ०.८२ आहेत; एटीआर-७२ साठी २५० नॉट आणि मॅक ०.५५. दोन मर्यादा असण्याचे कारण असे की विमानाला वेगाचा त्रास दोन निरनिराळ्या प्रकारांनी होतो. खालच्या दाट हवेत त्रास दाबाचा असतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग १० टक्क्यांनी वाढला तर पंखांवरचा, शेपटीवरचा, खिडक्यांच्या चौकटींवरचा भार सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. वरच्या विरळ हवेत दाब कमी असतो, पण ध्वनीचा वेगही थंडीमुळे उतरलेला असतो. त्यामुळे पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा विमानाच्या आधीच ध्वनिवेग ओलांडते, तिथे आघातलहर तयार होते, विमान थरथरू लागते आणि काही विमानांचे नाक आपोआप खाली झुकू लागते. ए-३२० च्या बाबतीत दोन मर्यादांचा हा सांधा २५ हजार फुटांच्या किंचित अलीकडे येतो. त्याच्या खाली नॉटांचे राज्य, वर मॅकचे. वैमानिकाला याचा हिशेब मनात ठेवावा लागत नाही, कारण वेगाच्या पट्टीवर लाल-काळ्या पट्ट्यांचा एक खांब वरून खाली सरकत येतो आणि त्याचे टोक म्हणजे त्या क्षणीची मर्यादा.

या मर्यादेविषयी नियमात एक शब्द फार विचारपूर्वक घातलेला आहे. ती ‘जाणूनबुजून’ ओलांडायची नाही, असे तो म्हणतो. नकळत ती कधी ना कधी ओलांडली जाणार, हे नियम लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरले आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहणाऱ्या जेट प्रवाहाच्या काठाशी समोरचा वारा एकाएकी वाढला की इंजिनाची शक्ती तीच राहूनही वेगदर्शकाचा काटा पुढे सरकतो. अशा कारणांची एक यादीच नियमावलीत आहे: वाऱ्याचे झोत, नियंत्रण दांडीला नकळत बसलेला धक्का, चढण संपवून सपाट होताना झालेली घाई, मॅकच्या प्रदेशातून नॉटांच्या प्रदेशात उतरणे, आणि चक्क प्रवाशांचे आतल्या आत इकडून तिकडे जाणे. हे शेवटचे कारण वाचून विद्यार्थी हसतात. पण केबिनमधली बरीच माणसे एकाच दिशेने सरकली तर गुरुत्वमध्य सरकतो आणि नाकाचा कोन बदलतो, हा हिशेब त्यांना फळ्यावर मांडता येतो.

विमानाचा सांगाडा या परिचालन मर्यादेच्या पुष्कळ पुढे असलेल्या एका वेगासाठी घडवलेला असतो. त्याला डिझाइन डाइव्ह स्पीड म्हणतात. दोहोंमधले अंतर किती असावे, हे ठरवण्याची रीत मला या संपूर्ण विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटते. विमान आपल्या नेहमीच्या कमाल वेगाने सरळ चालले आहे अशी कल्पना करायची. मग ते मूळ मार्गापेक्षा साडेसात अंशांनी खाली झुकले आणि २० सेकंद तसेच धावत राहिले असे मानायचे. आणि त्यानंतर वैमानिकाने दीडपट भार येईल इतपत बेताने नाक वर उचलले असे धरायचे. या सगळ्यात वेग जिथवर पोहोचेल त्याच्या अलीकडे डाइव्ह स्पीड असता कामा नये. त्याशिवाय वाऱ्यातल्या बदलांसाठी आणि उपकरणांच्या चुकांसाठी वेगळी जागा ठेवायची. मॅकच्या प्रदेशात हे अंतर साधारणपणे ०.०७ पेक्षा कमी नको, आणि पद्धतशीर विश्लेषणाने कमी पुरते असे दाखवले तरी ०.०५ च्या खाली नको. पंखांची फडफड, म्हणजे ज्याला अभियंते फ्लटर म्हणतात ती स्वतःच स्वतःला वाढवत नेणारी थरथर, डाइव्ह स्पीडच्याही १५ टक्के पुढेपर्यंत होणार नाही हे सिद्ध करावे लागते, ते वेगळेच.

आता या हिशेबात इशाऱ्याचा भोंगा कुठे बसतो ते पाहण्यासारखे आहे. २५.२५३ हे कलम वेगवान उड्डाणातल्या वर्तनाविषयी आहे, आणि ते सांगते की इशारा मिळाल्यावर वैमानिकाला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ धरून, असामान्य ताकद किंवा असामान्य कौशल्य न वापरता, डाइव्ह स्पीड न ओलांडता आणि सांगाड्याला धक्का न लावता विमान परत मर्यादेत आणता आले पाहिजे. म्हणजे परीक्षेचे घड्याळ भोंगा वाजल्यापासून सुरू होते. भोंगा उशिरा वाजला तर तेवढी सेकंदे वैमानिकाच्या वाट्यातून कापली जातात, आणि ज्या अंतराच्या भरवशावर पंखाची जाडी ठरवली ते अंतर त्या प्रमाणात खोटे ठरते. विमान विकत घेताना ॲल्युमिनियमचे आणि कार्बन तंतूंचे वजन मोजले जाते. पण त्या धातूच्या ताकदीत एक आवाजही धरलेला आहे, हे मला विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते. म्हणूनच या उपकरणाला ‘सोय’ म्हणणे मला पटत नाही. अमेरिकेत तर उड्डाण चालवणाऱ्यांसाठीच्या नियमांतही, ९१.६०३ या कलमात, असे ध्वनी-इशारा उपकरण नसलेले मोठ्या वर्गातले विमान व्यावसायिक वाहतुकीत उडवूच नये, असे स्वतंत्रपणे बजावलेले आहे.

टर्बाइन इंजिनांची विमाने सरसकट का धरली, याचे कारणही याच अंतरात आहे. पिस्टन इंजिनाच्या विमानाला हे उपकरण तेव्हाच सक्तीचे होते, जेव्हा त्याची परिचालन मर्यादा डाइव्ह स्पीडच्या ०.८ पटीपेक्षा जास्त असते. मधले अंतर ऐसपैस असेल तर नियम त्याला सूट देतो. जेट विमान गुळगुळीत असते, नाक थोडे खाली गेले की ते भराभर वेग घेते, त्यामुळे तिथे अशी सूट ठेवलेली नाही. ओझरच्या एटीआरला पंखे असले तरी ते पंखे टर्बाइनच फिरवते, त्यामुळे तेही याच नियमात येते.

आवाज कसा असावा, हे नियमाने निर्मात्यावर सोडले आहे. तो निराळा हवा, एवढेच बंधन. बोइंग ७३७ मध्ये तो खडखडणाऱ्या टाळीसारखा असतो, वैमानिक त्याला ‘क्लॅकर’ म्हणतात, आणि तिथे एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन यंत्रणा बसवलेल्या असतात. ए-३२० मध्ये अखंड पुन्हापुन्हा वाजणारी घंटी असते, सोबत लाल दिवा आणि पडद्यावर लाल अक्षरे. इशारा किमान दोन इंद्रियांमार्फत पोहोचला पाहिजे, असे इशाऱ्यांविषयीचे २५.१३२२ हे कलम सांगते. ७३७ चा क्लॅकर गप्प करण्याचे बटण वैमानिकापुढे नसते; वेग मर्यादेखाली आणला की तोच थांबतो. १ जुलै २०१९ नंतर भारतात तयार झालेल्या प्रत्येक मोटारीत ताशी ८० किलोमीटरला अधूनमधून आणि १२० ला अखंड वाजणारा इशारा आपण सगळे ऐकतो, आणि नाशिक-मुंबई रस्त्यावर गाण्यांचा आवाज वाढवून तो बुडवणारे चालकही आपण पाहतो. मोटारीतला इशारा सांगतो तो रस्त्याचा कायदा, आणि तोही ढोबळ. त्या गाडीची चाके, चौकट, ब्रेक यांतले काहीही १२० च्या आकड्यावर बेतलेले नसते. विमानातला इशारा त्या विशिष्ट विमानाच्या सांगाड्याविषयी बोलत असतो.

नियमातले शेवटचे वाक्य सहसा कोणी वाचत नाही, पण उपकरणे शिकवणाऱ्याच्या दृष्टीने सगळा जीव त्यात आहे. उपकरणाच्या उत्पादनातील फरकाची वरची कड ठरवून दिलेल्या इशारा-वेगाच्या पलीकडे जाता कामा नये, असे ते म्हणते. कारखान्यातून निघालेली शंभर उपकरणे तंतोतंत एकसारखी नसतात; काही थोडी लवकर वाजतात, काही थोडी उशिरा. सरासरीने ६ नॉटांवर वाजणारे उपकरण म्हणजे निम्मी उपकरणे नियमाबाहेर. सर्वांत उशिरा वाजणारेही ६ च्या आत पाहिजे, म्हणून नेम अलीकडे धरावा लागतो. ए-३२० चा इशारा मर्यादेच्या वर ४ नॉटांना, किंवा ०.००६ मॅकला, वाजतो. तो याहून अलीकडे, अगदी मर्यादेवरच आणला तर हवेच्या प्रत्येक हलक्या धक्क्याला वाजत राहील आणि वैमानिकांचे कान त्याला सरावतील. तेव्हा दोन्ही बाजूंनी रेटा आहे आणि मधली जागा चिंचोळी आहे.

ती किती चिंचोळी, हे आमच्या प्रयोगशाळेत दिसते. भिंतीला लावलेली काचेची उंच यू-नळी, एक मोठी सिरिंज, रबरी नळ्या आणि एक जुना वेगदर्शक, इतकेच सामान. वेगदर्शक म्हणजे शेवटी दाबमापकच: समोरून येणाऱ्या हवेचा पिटो नळीतला दाब आणि विमानाच्या कडेच्या छिद्रांतून मिळणारा स्थिर दाब यांच्यातला फरक तो नॉटांत दाखवतो. सिरिंजचा दट्ट्या हळूच दाबला की काटा हलतो आणि यू-नळीतल्या पाण्याच्या पातळ्या एकमेकींपासून दूर जातात. काटा १०० नॉटांवर आला तेव्हा हा फरक साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास असतो. २५० नॉटांवर, म्हणजे एटीआरच्या मर्यादेवर, तो सुमारे १०७ सेंटिमीटर होतो. आता दट्ट्यावरचा अंगठा अगदी जरासा पुढे सरकवायचा. २५६ नॉटांना पाणी सव्वा मीटरवर जात असेल, असे मुले बोलून जातात. प्रत्यक्षात ते ११२ च्या थोडे पुढे थांबते. नियमाने दिलेली सगळी सवलत त्या वरच्या साडेपाच सेंटिमीटर पाण्यात मावते. तेवढ्यात उपकरणाच्या घडणीतला फरक, तापमानाचा परिणाम आणि जुनेपणा बसवायचा असतो.

आणि हे सारे पिटो नळी खरे बोलते आहे, या गृहीतकावर. इथे मात्र हा नियम मला अपुरा वाटतो. इशारा देणारे उपकरण किती अचूक असावे हे तो सांगतो, पण उपकरणाला मिळणारा दाबच खोटा असेल तर ते तितक्याच अचूकपणे खोटा इशारा देते.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाता इथून बिर्गेनएअरचे बोइंग ७५७ उडाले. ते त्याआधी बरेच दिवस जमिनीवर उभे होते आणि त्याच्या पिटो नळ्यांवर आवरणे घातलेली नव्हती. कॅप्टनच्या बाजूची नळी बंद झालेली होती. तपास करणाऱ्यांच्या मते बहुधा कीटकाने भरलेल्या मातीमुळे, म्हणजे आपल्याकडे नळाच्या तोंडात आणि विजेच्या प्लगच्या भोकांत घर करते त्या कुंभारीण माशीच्या जातकुळीतल्या कीटकामुळे. नळी बंद झाली की आत कोंडलेला दाब तसाच राहतो, आणि विमान चढत जाते तसा बाहेरचा स्थिर दाब उतरत जातो. फरक वाढतो, आणि काटा वेग वाढल्याचे दाखवतो. मी एकदा आकडेमोड करून पाहिली: समुद्रसपाटीचा दाब नळीत कोंडला गेला तर साधारण साडेसहा हजार फूट चढल्यावर वेगदर्शक ३५० नॉट दाखवील, मग विमान प्रत्यक्षात कितीही मंद चालत असो. त्या रात्री कॅप्टनचा काटा असाच वर गेला आणि अतिवेगाचा क्लॅकर वाजू लागला. ऑटोपायलट त्याच खोट्या आकड्यावर चालत असल्याने त्याने वेग कमी करण्यासाठी नाक वर उचलले होते. क्लॅकरचे सर्किट ब्रेकर ओढून आवाज बंद करण्यात आला. काही क्षणांत स्टिक शेकर, म्हणजे वेग फार कमी झाल्याचा इशारा, सुरू झाला. विमान समुद्रात कोसळले आणि १८९ माणसे गेली.

ही एकट घटना नव्हती. १ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कजवळ नॉर्थवेस्टचे एक बोइंग ७२७ तीन कर्मचाऱ्यांसह अशाच तऱ्हेने पडले. पिटो तापक चालू केलेले नव्हते, नळ्या बर्फाने भरल्या, अतिवेगाचा इशारा वाजला, नाक वर उचलले गेले, आणि स्टॉलची, म्हणजे वेग फार घटून पंखांची उचल तुटतानाची, थरथर ही अतिवेगाचीच थरथर समजली गेली. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून निघालेल्या एअरोपेरूच्या ७५७ मध्ये स्थिर दाबाची छिद्रे विमान धुताना लावलेल्या चिकटपट्टीखाली झाकलेली राहिली. तिथे अतिवेगाचा आणि वेग घटल्याचा असे दोन्ही इशारे एकाच वेळी वाजत होते. त्या अपघातात ७० जण मृत्युमुखी पडले.

या घटनांवरून ‘इशारे बंद करण्याची सोय हवी होती’ असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो उतावळा वाटतो. २५.१३२२ च्या आजच्या रूपात याचा समतोल विचार आहे: इशारा यंत्रणाच बिघडून वैमानिकाच्या कामात अडथळा आणत असेल तर तो आवाज थांबवता आला पाहिजे, पण थांबवण्याचे साधन इतके हाताशी नको की चुकून किंवा सवयीने हात तिकडे जाईल. पुएर्तो प्लाताच्या कॉकपिटमध्ये तो आवाज खोटा होता. पण एरवी तोच आवाज खरा असण्याची शक्यता फार मोठी असते, आणि दर वेळी ब्रेकरकडे हात जाऊ लागला तर सांगाड्याच्या हिशेबात धरलेली ती सेकंदे उरणारच नाहीत.

उपाय दुसऱ्या बाजूने आला आहे, आणि तो इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना आवडेल असा आहे. कॅप्टनचा, सहवैमानिकाचा आणि राखीव, अशा वेगळ्या नळ्यांवरचे वेग यंत्रणेने सतत एकमेकांशी ताडून पाहायचे. ७३७ मध्ये कॅप्टन आणि सहवैमानिक यांचे वेग ५ नॉटांहून अधिक आणि ५ सेकंदांहून जास्त काळ जुळले नाहीत तर वेगाच्या पट्टीवर तसा शेरा उमटतो. एअरबसच्या बऱ्याच विमानांत पंखाचा हवेशी असलेला कोन मोजून त्यावरून वेगाची सुरक्षित पट्टी दाखवण्याची पर्यायी सोय घेता येते. तिला पिटो नळीची गरजच लागत नाही. ए-३२० कुटुंबात तर इशाऱ्यापाठोपाठ संगणक स्वतःच नाक हळूहळू वर आणतो, मात्र तोही त्याच नळ्यांवर विसंबतो, त्यामुळे तुलनेची गरज तिथे कमी होत नाही, उलट वाढते. माझ्या मते अतिवेगाचा इशारा आणि ‘वेग जुळत नाहीत’ हा शेरा यांना नियमाने एकाच कलमात एकत्र बांधायला हवे होते. आज ते निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले आहेत, आणि वैमानिकाला मात्र ते एकाच मिनिटात एकत्र भेटतात.

खरा इशारा वाजून गेल्यावरचे काम जमिनीवर होते. उड्डाण नोंदींत वेग किती नॉटांनी आणि किती सेकंद ओलांडला गेला हे उतरलेले असते; त्यावरून देखभाल पुस्तिका पाहायची आणि नुसती नोंद पुरते, की फ्लॅप, दारे, शेपटीचे सांधे उघडून तपासायचे, हे ठरवायचे. ओझरला एटीआरच्या शिडीकडे चालत जाताना कॉकपिटच्या खालच्या बाजूला बोटाएवढी पुढे आलेली, तापून तांबूस-काळसर झालेली जी नळी दिसते, तीच ती पिटो नळी. मुक्कामाच्या विमानावर तिला लाल फीत लोंबणारे आवरण चढवलेले असते, आणि उड्डाणापूर्वीच्या फेरीत ते काढले आहे हे पाहण्याची जबाबदारी वैमानिकाची असते.